किती टक्के आले?

(दोन खुर्च्या. त्यांच्यावर आडवी काच, खाली ट्यूबलाइट.)

रात्रीचे साडेअकरा. पुण्यातलं एक होस्टेल. ही काच खिडकीची आहे. कुठल्या खिडकीची ते विचारायचं नाही, असं पोरांनी कॅमेरा लावायच्या आधीच आम्हाला बजावलं होतं.

खाली मित्राची पुरी झालेली ड्रॉइंगची शीट, वर कोरी शीट. उजेड खालून येतो आणि मित्राच्या रेषा कोऱ्या कागदावर उमटतात. आता नुसती पेन्सिल फिरवायची. याला म्हणतात जीटी मारणं. जीटी म्हणजे ग्लास ट्रेस. ज्या घरात बाप-लेक दोघंही मुंबई-पुण्याकडचे इंजिनीअर असतात, त्या घरात हा शब्द दोघांनाही ठाऊक असतो. एकमेकांसमोर कुणी काढत नाही, एवढंच.

लेखी असाइनमेंटला काच लागत नाही. ती 'छापायची' असते. सबमिशनच्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये कान दिला की ऐकू येतं : कुणाची छापलीस?

(ग्रंथालय. पंख्याखाली फडफडणारे कागद.)

हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. किती टक्के आले? म्हणजे, आधीच्या कुणाच्या लिखाणाशी किती टक्के जुळलं?

टक्के निघतात ते इथे, ग्रंथपाल मॅडमच्या या टेबलावर. टाइप केलेली असाइनमेंट पीडीएफ होऊन येते, मॅडम ती सॉफ्टवेअरवर चढवतात आणि पडद्यावर फिरणाऱ्या त्या चकतीकडे बघत बसतात. शेजारचा चहा गार झालाय. हा सकाळपासूनचा दुसरा.

हे काम ग्रंथालयाकडे कसं आलं? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या जुलैमध्ये वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम काढले. सप्टेंबर 2019 मध्ये शोधशुद्धी ही योजना आली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या जाळ्याच्या केंद्रामार्फत देशातल्या विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर मिळू लागलं. आधी स्वीडनचं उरकुंड होतं, मग बेंगळुरूचं ड्रिलबिट आलं. विद्यापीठांचं बघून कॉलेजांनीही आपापली सोय केली. या कॉलेजात पासवर्ड आला तो ग्रंथालयाच्या नावाने. जास्तीचा माणूस आला नाही.

(टेबल, वरून. कात्री आणि कागदाच्या पट्ट्या.)

मशीन आत नेमकं करतं काय, असं विचारल्यावर मॅडमनी कात्री मागवली.

वाक्य असं आहे : 'सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पावसाचं प्रमाण जास्त आहे.' सात शब्द. पहिल्या पाच शब्दांची एक पट्टी कापली. मग एक शब्द सोडून दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत दुसरी पट्टी. तिसऱ्यापासून शेवटपर्यंत तिसरी. मशीन अशा प्रत्येक पट्टीचा एक आकडा करतं आणि आधीच्या लिखाणाच्या कोठारातल्या असंख्य पट्ट्यांच्या आकड्यांशी तो ताडून बघतं. अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. सह्याद्री हा डोंगर आहे की एखादं लॉज, त्याला सारखंच.

सगळे आकडे साठवायचे तर जागा पुरणार नाही, म्हणून निवडक ठेवून बाकीचे टाकून द्यावे लागतात. मोठ्या कंपन्या आपलं सूत्र उघड करत नाहीत. पण अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 2003 मध्ये या निवडीची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचं नाव विनोइंग. म्हणजे पाखडणं. सूप आम्ही मुद्दाम आणलं होतं, मॅडमनी पट्ट्या खरोखर पाखडूनही दाखवल्या.

हीच पद्धत मॉस नावाच्या प्रणालीत वापरतात. संगणकाच्या प्रोग्रॅमच्या असाइनमेंट ती 1994 पासून तपासते आहे. मित्राचा प्रोग्रॅम घेऊन व्हेरिएबलची नावं बदलली, तर मॉसला फरक पडत नाही. नावं ते आधीच पुसून टाकतं आणि मग जुळवतं. हे सांगितलं तेव्हा कॅमेरा संगणक शाखेच्या मागच्या बाकांवर होता.

(मागच्या बाकावरचे चेहरे. निवेदन नाही.)

आता पुन्हा पट्ट्या. मॅडम पेन घेतात आणि 'उतारावर' या शब्दावर एक टिंब देतात. 'उतारांवर'. हा शब्द तिन्ही पट्ट्यांत आहे, त्यामुळे तिन्ही पट्ट्या बाद. एका टिंबात वाक्य 'स्वतःचं' झालं. नवी सॉफ्टवेअरं थोडीफार सूट धरून जुळवतात, हे खरं. पण मराठीत एका घराचं घरात, घरातून, घराजवळचं, घरासमोरच्यांना होतं. सूट धरायची ती कुठवर?

(टायपिंगचं दुकान. बोर्ड, जवळून.)

'टायपिंग. झेरॉक्स. बाइंडिंग. प्लॅजरिझम कमी करून मिळेल.' शेवटच्या ओळीचा रंग वेगळा दिसतोय, ती नंतर चिकटवली आहे.

पेठेतल्या या दुकानात वर्षानुवर्षं मराठी प्रबंध टाइप होताहेत. श्रीलिपीत, आयएसएमवर, कृतिदेवमध्ये. ही मराठी टायपिंगची जुनी साधनं. यातली पहिली दोन तर पुण्यातच तयार झाली. मालकांनी आमच्यासाठी कृतिदेवमध्ये एक शब्द टाइप केला : मराठी. मग तोच शब्द निवडून त्याचा फॉन्ट तेवढा बदलला. पडद्यावर बघा काय उरलं. ई, जे, के, बी, एच. पाच रोमन अक्षरं. फाइलमध्ये पहिल्यापासून हीच होती, मराठीचं सोंग फॉन्टने आणलं होतं. सॉफ्टवेअर फॉन्ट बघत नाही, ते ई-जे-के-बी-एच वाचतं. इंटरनेटवरचे लेख युनिकोडमध्ये असतात, तिथे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं. त्यातला अख्खा परिच्छेद असा उतरवून काढला, तर त्याला तो ओळखू येत नाही. अहवालात शून्य टक्के. स्कॅन केलेल्या पानांची गत आणखी वाईट, तिथे अक्षरंच नसतात, नुसतं चित्र असतं.

युनिकोडमध्येही सगळं सरळ नाही. 'सुऱ्या'मधला हा अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना एकच, मशीनला दोन.

मॅडम हे गेली काही वर्षं प्रत्येक बैठकीत सांगताहेत. शून्य आलं म्हणून अभिनंदन करू नका, आधी फाइल उघडून बघा. बैठकीचं चित्रण करू दिलं नाही.

दुकानाचा बोर्ड अजून पडद्यावर आहे, तर एक सांगायला हवं. असाइनमेंट देण्याआधी मुलं इथे ती 'चेक करून' घेतात. दुकानदाराच्या खात्यातून चढवलेला मजकूर काही वेळा कोठारात जाऊन बसतो. मग कॉलेजात अधिकृत तपासणी होते आणि अहवाल म्हणतो, शंभर टक्के जुळलं. आपलंच लिखाण आपल्यालाच जुळलं.

(अहवालाची रंगीत पानं, एकामागून एक.)

हा एक अहवाल. पिवळं एका संकेतस्थळाशी जुळलेलं, हिरवं दुसऱ्याशी, गुलाबी कुठल्याशा प्रबंधाशी. हे गुलाबी काय आहे? सरकारी अधिनियमाचं पूर्ण नाव. पिवळं? शिक्षकांनीच दिलेला प्रश्न, मुलाने उत्तराआधी लिहून काढलेला. हिरवं मात्र खरोखर उचललेलं आहे, दीड पान, टायपिंगच्या चुकांसकट.

अनुदान आयोगाच्या नियमांत हे सगळं धरलेलं आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण समीकरणं मोजायची नाहीत. सलग 14 शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य, योगायोगाने जुळणारं लिखाणही सोडायचं. त्यानंतर टक्के. प्रबंधात 10 पर्यंत साम्य चालतं. 40 पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 60 पर्यंत गेलं तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, त्याच्या वर नोंदणीच रद्द.

आणि हे कलम मॅडमनी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलंय. हे नियम पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लिखाणाला आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका नियमांतून वगळल्या आहेत. स्पष्ट शब्दांत. तरी दहा टक्क्यांचा तोच दंडक दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंटला लावला जातो, कारण आकडा तयार मिळतो.

या रंगीत अहवालात 38 टक्के आले. त्या मुलाला सत्राचे गुण मिळाले नाहीत. तो कॅमेऱ्यासमोर आला नाही.

(संगणकाचा पडदा. नवं बटण.)

आता सोबत हेही बटण आलंय : मजकूर एआयने लिहिलाय का, ते सांगणारं. टर्निटिन या तपासणी सॉफ्टवेअरच्या अमेरिकन कंपनीने ते एप्रिल 2023 मध्ये आणलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच ऑगस्टमध्ये बंद केलं. त्यांचा हिशेब साधा होता. 2022 मध्ये त्यांनी 75,000 पेपर तपासणीला दिले होते. शंभरात एकाच पेपरवर खोटा आळ येतो असं धरलं, तरी 750 पेपर होतात. मॅडम या बटणाला हात लावत नाहीत.

(बाइंडिंगचं दुकान. तापलेला ठसा, काळं रेक्झिन, सोनेरी पत्रा.)

पुन्हा ती गल्ली. ठसा तापला की सोनेरी पत्र्यावर दाबायचा, तीन मोजायचे, उचलायचा. शीर्षक उमटलं. विद्यापीठाचं नाव उमटलं.

आत शिवायची पानं इथे रचून ठेवली आहेत. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांची सही. त्यांच्यामागे तपासणीच्या अहवालाचं एक पान, वर ठळक आकडा : 9 टक्के. रंगीत पानं कुठे आहेत, असं आम्ही विचारलं. बाइंडरने गठ्ठा पुन्हा चाळून बघितला. "एवढंच दिलंय," ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवला.