करिंथची पंगत

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

गणेशोत्सव आला की आपल्या मंडळातले कोणी ना कोणी मला जरा संकोचानेच विचारते, ‘तुम्ही ख्रिस्ती, तेव्हा प्रसाद दिलेला चालेल ना?’ पहिल्या शतकाच्या मध्यावर ग्रीसमधील करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीलाही, म्हणजे तिथल्या उपासक समूहालाही, याच जातीचा प्रश्न पडला होता: मूर्तीपुढे ठेवलेले मांस खावे का? त्यांनी तो ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याला विचारला आणि पौलाचे उत्तर बायबलच्या नव्या करारात ‘करिंथकरांस पहिले पत्र’ म्हणून आजही वाचायला मिळते. श्रद्धेने कसे जगावे याचे मार्गदर्शन या जुन्या पत्रांत शोधायचे असेल, तर ती सुट्या सुवचनांचा संग्रह म्हणून न वाचता, ठरावीक माणसांच्या ठरावीक भांडणाला दिलेली उत्तरे म्हणून वाचावीत, असे माझे मत आहे.

रोमन सैन्याने इ.स.पू. 146 मध्ये करिंथ उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. नव्या वस्तीत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते, दोन बाजूंना दोन बंदरे होती, आणि बाहेरून येऊन पैसा मिळवलेल्या माणसांना प्रतिष्ठेची जेवढी भूक असते तेवढी तिथेही होती. (परदेशी स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.) पौल इ.स. 50 च्या सुमारास तिथे आला आणि रोममधून हद्दपार झालेल्या अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू शिवण्याचा धंदा करत राहिला. पुढे तो इफिस शहरात असताना क्लोवे नावाच्या स्त्रीच्या घरच्या माणसांनी करिंथमधील गटबाजीची बातमी त्याच्या कानांवर घातली, शिवाय करिंथकरांचे पत्रही आले. ते पत्र आज उपलब्ध नाही. त्यामुळे आपण संवादाची एकच बाजू ऐकत असतो, आणि पौल कोणत्या वाक्यात त्यांचेच म्हणणे उद्धृत करतो आहे हे दर वेळी ताडून पाहावे लागते.

आता मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाविषयी. बाजारात विकल्या जाणाऱ्या मांसापैकी काही मंदिरांतील बळींचे असे, आणि मेजवान्याही मंदिरांच्या आवारात होत; करिंथमध्ये आरोग्यदेव अस्क्लेपियसच्या मंदिराला लागून असलेल्या भोजनाच्या खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. मंडळीतील जाणकारांचे म्हणणे असे, की देव एकच आहे, तेव्हा कशापुढे ठेवल्याने मांसात काहीच फरक पडत नाही. हा तर्क पौलाला मान्य आहे, आणि तरीही तो त्यांना मोकळीक देत नाही, कारण ज्याचे मन अजून जुन्या उपासनेत गुंतलेले आहे असा एखादा बंधू त्यांचे पाहून स्वतःच्या मनाविरुद्ध वागेल. पौल सांगतो, बाजारात मिळते ते चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर जे वाढले असेल ते खा. पण हे बळीचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. मंदिरातील मेजवानीत सहभागी होण्याला मात्र त्याची साफ मनाई आहे. मराठी ख्रिस्ती घरांत प्रसादाबाबत एकमत नाही. मी हात जोडून नकार देतो आणि पंगतीला आवर्जून बसतो. माझ्या घरातलीच काही माणसे प्रसाद घेतात. पत्राचा आधार दोन्ही बाजू देतात, आणि माझ्या मते त्यांनी तो देत राहावा.

मला अधिक बोचतो तो अकरावा अध्याय. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या जेवणासाठी, मंडळी कोणाच्या तरी घरी जमे, आणि जमू शकेल असे मोठे घर श्रीमंताचेच असणार. तिथे एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, असे पौल लिहितो. अभ्यासकांचा अंदाज असा, की सवड असलेले लवकर येऊन आतल्या दालनात जेवून घेत, आणि गुलाम व मजूर काम आटोपून येईपर्यंत उरलेसुरले राहत असे. त्या काळी यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने एका पत्रात अशा यजमानाचे वर्णन केले आहे, ज्याने स्वतःला व मोजक्यांना उत्तम पदार्थ वाढले, बाकीच्यांना स्वस्तातले, आणि द्राक्षारसाचेही तीन दर्जे केले. पंगतीतला भेद आपल्या समाजाला तरी अपरिचित नाही. पौल इथे संतापतो: तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय, असे तो विचारतो. उपाय मात्र अगदी साधा सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

पौलाच्या याच पत्रात आपल्याला खटकणारेही आहे. अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या स्त्रिया चौदाव्यात गप्प बसवल्या जातात. काही अभ्यासक तो मजकूर नंतर घुसवलेला मानतात, काही तसे मानत नाहीत. अशा जागी घाईने नियम काढू नये, एवढे तरी आपण पाळू शकतो.

करिंथकर सुधारले का? इ.स. 96 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्यांना आणखी एक पत्र पाठवले, जे रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याच्या नावाने ओळखले जाते. भांडण पुन्हा पेटले होते आणि या वेळी त्यांनी मंडळीचे वडीलधारी पुढारीच पदावरून हटवले होते. क्लेमेंट त्यांना पौलाचे जुने पत्र हाती घेऊन वाचायला सांगतो, म्हणजे ते त्यांनी जपून ठेवले असणार, हे तो गृहीत धरतो. इ.स. 170 च्या सुमारास करिंथचा बिशप डायोनिशियस रोमला कळवतो, की क्लेमेंटचे पत्रही आम्ही प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, वाचत असतो.