जुन्या बाजारातलं कोकण

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'भंगारातून समुद्रकिनारी सजावट'. खिडकीचं दार, काचेची बरणी आणि पितळी कंदील अशा तीन वस्तू सांगायच्या आहेत. पण आधी एक तक्रार. ती केल्याशिवाय रंगाचा डबा उघडण्यात अर्थ नाही.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये 'बीच' करायचा म्हटलं की पांढरा रंग, फिकट निळा रंग, बाण काढलेली पाटी आणि प्लॅस्टिकचा स्टारफिश. अहो, हा मालदीव झाला! आपला समुद्र ताम्हिणी उतरलं की लागतो. वाळू तपकिरी, कुठे काळपट. मागे सुरूचं बन, जांभ्याचे गडगे, वाळत घातलेली जाळी. रंग बघायचे तर हर्णै बंदरातल्या होड्या बघा. लाल, निळा, पिवळा, सगळं भडक. आणि रंगावर रंग चढलेला, त्यामुळे जिथे दोर घासतो तिथे खालचे थर डोकावतात. सजावटीत आणायचं ते हे.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. निम्म्यापासून घासाघीस सुरू करा, हे पुणेकरांना शिकवायला नकोच. तिथे वाड्यांतली खिडक्यांची दारं मिळतात. मागच्या बाजूला कोपऱ्यात थोडं घासून बघा. सोनेरी-तपकिरी, तेलकट, चामड्यासारखा वास आला तर ते सागवान. त्याला रंग लावू नका, कृपा करा. तेलाचं फडकं फिरवा आणि तसंच टांगा. रंगवायला पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन किंवा जंगली लाकूड घ्या.

दारावर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटरपेपरनं घासा, मास्क घाला, लहान मुलांना दूर ठेवा. उघड्या लाकडाला आधी 80, मग 120 नंबरचा कागद. त्यावर लाखेच्या पॉलिशचा एक हात. हा हात लोक वाचवतात आणि दोन दिवसांत पांढऱ्या रंगावर चहा सांडल्यासारखे पिवळे डाग उमटतात. लाकडातला, विशेषतः गाठींतला अर्क पाण्याच्या रंगातून वर येतो. लाख त्याला अडवते.

रंग असा करा: पाव वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस पाव वाटी पाण्यात कालवून गाळा, मग एक वाटी इमल्शनमध्ये घाला. उलट केलंत तर गुठळ्या. तासाभरात संपेल एवढाच करा, तो घट्ट होतो. पहिला थर गेरूच्या रंगाचा, रात्रभर वाळू द्या. कडांवर, कडी-कोयंड्याभोवती, खालच्या फळीवर मेणबत्ती घासा. दुसरा थर निळा, पुन्हा मेण, तिसरा पिवळा. दुसऱ्या दिवशी 150 नंबरनं मेणाच्या जागी घासलं की रंग सुटतो आणि खालचे दोन्ही दिसतात. सगळीकडे सारखे टिपके पाडलेत तर झीज वाटत नाही, देवी आल्यासारखं दिसतं. हात आणि दोर जिथे लागेल तिथेच घासा. शेवटी उरलेलं मेण टर्पेंटाइनच्या फडक्यानं हलकेच पुसा, नाहीतर वॉर्निश त्या जागी धरत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली: पाच मिनिटं. म्हणजे उरलेल्या दोन वस्तू धावतच.

बरणी. गुंडाळायला सुतळी नको, काथ्याच घ्या, तो नारळाचाच आहे. 10 सेंटीमीटर व्यास, 15 सेंटीमीटर उंची आणि 6 मिलिमीटरचा दोर धरला तर 25 वेढे बसतात, म्हणजे साडेआठ मीटर, नऊ आणा. फेविकॉलसारखा पांढरा गोंद गुळगुळीत काचेवर धरत नाही. काच स्पिरिटनं पुसून रबरी अधेसिव्ह लावा, काचेला आणि दोराला दोन्हीकडे, हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबा. दोर आधी उन्हात वाळवा. दमट दोर वाळला की आकसतो आणि वेढ्यांत फटी पडतात.

कंदील. चुंबक चिकटलं तर ते पितळ नव्हे, मुलामा दिलेलं लोखंड, सोडून द्या. खरं पितळ असेल तर थिनरनं जुनं लॅकर काढा, चिंचेनं उजळा. झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात वाटीभर व्हिनेगर ठेवा, कंदिलावर मिठाचं पाणी फवारून तो आत उंचावर ठेवा, व्हिनेगरला टेकू देऊ नका. एक-दोन दिवसांत हिरवी झाक चढते. ही झाक विषारी, म्हणून पातेल्यांवर हा प्रयोग नाही.

आणि शंख-शिंपले विकत घेताना बघून घ्या. पोवळं, सी-फॅन (पंख्यासारखं पोवळं), नॉटिलस (गोल वळणाचा मोठा शंख) यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. टोपलीत दिसले तरी नको म्हणा. साधे शिंपले व्हिनेगरमध्ये टाकू नका, ते विरघळतात, ब्रशनं घासा. प्रश्न बाहेर विचारा, सभागृहाचे दिवे बंद होताहेत.