बापाने विकलेला रोबॉट आणि हॉलिवूडचा फॅमिली पिक्चर

एका शास्त्रज्ञाचा मुलगा गाडीच्या अपघातात जातो. बाप वेडापिसा होतो, सरकारी खात्याची सगळी यंत्रणा कामाला लावून हुबेहूब तसाच दिसणारा रोबॉट बनवतो, त्याला मुलगा म्हणून घरी ठेवतो, आणि काही दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की हा पोरगा वाढतच नाहीये. उंची तेवढीच, चेहरा तोच. मग बाप काय करतो? सर्कसवाल्याला विकून टाकतो. ही मुलांच्या मासिकात आलेली कॉमिकची गोष्ट आहे बरं का, आणि साल होतं १९५२.

(पडद्यावर: मासिकाची जुनी पानं, दोन शिंगांसारखे केस असलेला मुलगा)

जपानमध्ये त्याचं नाव आतोमु, म्हणजे अ‍ॅटम, आणि बाहेरच्या जगात अ‍ॅस्ट्रो बॉय. काढणारा ओसामू तेझुका. हा माणूस शिकलेला डॉक्टर, पण दवाखाना टाकायच्या ऐवजी आयुष्यभर चित्रंच काढत बसला. आपल्याकडे ज्यांना त्याचं नाव माहीत आहे त्यातल्या बऱ्याच जणांना ते त्याच्या गौतम बुद्धावरच्या मोठ्या कॉमिकमुळे माहीत असेल, पण जपानमध्ये तेझुका म्हटलं की पहिला आठवतो तो हाच रोबॉट. आधी १९५१ मध्ये तो दुसऱ्याच एका कथेत साइड कॅरेक्टर होता, पुढच्या वर्षी त्याला स्वतःची मालिका मिळाली आणि ती १९६८ पर्यंत चालली.

आता ते १९५२ साल जरा डोक्यात ठेवा. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम सात वर्षं झालेली, आणि जपानी पोरांचा लाडका हिरो चालतो कशावर, तर अणुशक्तीवर! एक लाख हॉर्सपॉवर, पायात जेट, डोळ्यात सर्चलाइट, आणि कुल्ल्यात मशीनगन (हो, तिथेच, आणि त्या मशीनगनकडे आपण परत येणार आहोत). त्याच्या बहिणीचं नाव युरान, युरेनियमवरून, भावाचं कोबाल्ट. एवढी ताकद असून बिचारा रोज शाळेत जातो आणि माणसं त्याला यंत्र म्हणून हिणवतात. रोबॉट राबणार, हक्क मात्र माणसांना. तेझुकाने अमेरिकन सैन्याच्या ताब्यातला जपान स्वतः पाहिला होता, एकदा सैनिकाशी भाषेचा घोळ झाला आणि त्याने मारही खाल्ला होता, तेव्हा दोन जमाती शेजारी राहून एकमेकांना समजून घेत नाहीत हे त्याला कुठून सुचलं ते वेगळं सांगायला नको.

१ जानेवारी १९६३ ला आतोमु टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाची अ‍ॅनिमेशन मालिका, आणि पैसा नाही. मग तेझुकाच्या मुशी प्रॉडक्शनने काय जुगाड केला, तर सेकंदाला चोवीस चित्रांऐवजी आठ किंवा त्याहूनही कमी, नुसते ओठ हलवायचे, उडतानाचे शॉट जपून ठेवायचे आणि पुढच्या भागात तेच परत वापरायचे. वर एपिसोड खर्चापेक्षा कमी भावात विकला. मालिका तुफान चालली, १९३ भाग झाले, अमेरिकेतही गेली, पण आज जपानमधल्या अ‍ॅनिमेटर लोकांना जो तुटपुंजा पगार मिळतो त्याची सुरुवात इथून झाली असं म्हणणारे बरेच आहेत, आणि मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही.

बरं, आता येऊ ह्याच गोष्टीवरच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय' पिक्चरवर.

(पडद्यावर: ढगात तरंगणारं शहर)

२००९. हाँगकाँगची इमागी नावाची कंपनी, त्याआधी निन्जा टर्टल्सचा कॉम्प्युटरवर बनवलेला पिक्चर केलेली. दिग्दर्शक डेव्हिड बोवर्स, बापाच्या रोलला आवाज निकोलस केजचा, पोराला फ्रेडी हायमोरचा, बजेट साधारण साडेसहा कोटी डॉलर. आणि ऑर्डर अशी की सगळ्या घराने मिळून बघावा असा फॅमिली पिक्चर पाहिजे.

इथेच सगळी गोम आहे. मुलाला विकणारा बाप फॅमिली पिक्चरमध्ये ठेवायचा कसा? तिकीट काढणारा पण बापच ना!

आधी सोप्या गोष्टी बघू. आतोमु कॉमिकमध्ये चड्डी आणि लाल बूट एवढ्यावरच फिरतो. कागदावर ते चालून जातं, पण थ्रीडीमध्ये त्वचा खरी वाटायला लागली की उघडा पोरगा विचित्र दिसतो, म्हणून पिक्चरमध्ये बराच वेळ त्याला जॅकेट-पँट घातली आणि वयाने थोडा मोठा केला. केसांचं तर अजूनच. तेझुकाच्या चित्रात तोंड कुठल्याही बाजूला असो, दोन्ही शिंगं दिसतातच, मिकी माउसच्या कानांसारखी. हाताने काढताना अशी चलाखी करता येते, पण कॉम्प्युटरमध्ये डोकं एकदाच बनतं आणि ते फिरवलं की शिंग मागे जाणारच.

अणुशक्ती गायब केली. त्याऐवजी ताऱ्याच्या तुकड्यातून काढलेली निळी ऊर्जा चांगली, लाल ऊर्जा वाईट. लहान मुलांना पटकन कळतं हे मान्य, पण मूळ गोष्टीतली धार इथे बोथट झाली, कारण आतोमुची गंमतच ही होती की ज्या शक्तीने शहरं जाळली तीच ह्या गोड पोराच्या छातीत आहे आणि चांगलं-वाईट काय ते त्याला स्वतः ठरवायचंय. पिक्चरमध्ये रंगानेच ठरवून टाकलं.

आता मृत्यू. मला वाटलं होतं अमेरिकन पिक्चर आहे, पोरगा कोमात वगैरे दाखवतील. पण नाही. मुलगा टोबी बापाच्या लॅबमध्ये चोरून शिरतो, निवडणूक जिंकायला युद्ध हवं असलेला प्रेसिडेंट स्टोन नव्या शस्त्रात लाल ऊर्जाच भरायचा हट्ट धरतो, शस्त्र बिघडतं आणि पोरगा बापाच्या डोळ्यांसमोर नाहीसा होतो. उरते फक्त टोपी. बाप त्या टोपीतला केस घेऊन रोबॉट बनवतो आणि मुलाच्या आठवणी त्यात भरतो. ही हिंमत केली त्याबद्दल लेखकांना शंभर मार्क.

आणि विकण्याचं काय? पिक्चरमधला बाप, डॉ. तेन्मा, पोराला विकत नाही, नुसतं सांगतो की तू माझा टोबी नाहीस, तुला बघून मला त्रास होतो. तेवढंच. पुढे आर्मी मागे लागते, पोरगा त्या तरंगत्या शहरावरून खाली कचऱ्याच्या ढिगात पडतो, तिथे अनाथ मुलं भेटतात आणि त्यांना सांभाळणारा हॅमएग. हा हॅमएग म्हणजेच कॉमिकमधला सर्कसवाला! इथे तो आधी प्रेमळ दाखवलाय, मुलांना जेवू घालतो, जुने रोबॉट दुरुस्त करतो, आणि अ‍ॅस्ट्रो रोबॉट आहे हे कळल्यावर त्याच पोराला रोबॉटांच्या झुंजीत ढकलतो. म्हणजे बापाकडून काढून घेतलेला दगा लेखकांनी गुपचूप ह्या दुसऱ्या बापासारख्या माणसाच्या पदरात टाकला. रिंगणात अ‍ॅस्ट्रो लढायला नाही म्हणतो तो सीन बघा, अख्ख्या पिक्चरमध्ये तेझुका सगळ्यात जास्त तिथे आहे. रूपांतर करावं तर असं, प्रसंग बदलला पण जखम तीच ठेवली.

बाकी ठिकाणी मात्र घाबरले. रोबॉटांच्या हक्कांचा प्रश्न तीन विनोदी क्रांतिकारकांच्या गळ्यात बांधला, ते पडतात-धडपडतात, पोरं हसतात, प्रश्न तिथेच संपतो. कॉमिकमधली शाळा नाही, तिथले रोबॉट आईवडील नाहीत. बाप शेवटी पोराची ऊर्जा काढून घेतो आणि मग स्वतःच परत बसवतो, मिठी, झालं. कॉमिकच्या तेन्माला इतकी सहज माफी मिळत नाही.

मशीनगन मात्र ठेवली! जिथे होती तिथेच. अणुशक्ती चालली नाही, ती चालली, आता काय बोलणार.

धंदा म्हणाल तर साफ पडला. चीनमध्ये बरा चालला, अमेरिकेत दोन कोटी डॉलरच्या आसपास अडकला आणि जगभरची कमाई धरूनही बजेट निघालं नाही. इमागीने काही महिन्यांत, २०१० मध्ये, अ‍ॅनिमेशनचं दुकान जवळपास बंदच केलं आणि गॅचामन नावाच्या दुसऱ्या जपानी मालिकेवरचा त्यांचा पुढचा पिक्चर अर्धवटच राहिला. जपानमध्ये तर लोकांना ह्या पिक्चरची गरजच नव्हती, टोकियोच्या ताकादानोबाबा स्टेशनवर गाडी सुटताना आजही आतोमुच्या मालिकेचंच गाणं वाजतं.

बघायचा असेल तर दीड तासाचा आहे, पोरांना घेऊन बघा, पण अगदी लहान असतील तर सुरुवातीला शेजारी बसा कारण टोपीचा सीन लवकर येतो. आणि जमलं तर आधी कॉमिकमधली जन्माची गोष्ट वाचा, छोटीशी आहे, म्हणजे हॅमएग स्क्रीनवर आला की तुम्हाला लगेच कळेल हा इथे कशाला आलाय.