सांकवाळ ते हार्वर्ड, व्हाया काशी

[दृश्य: सांकवाळ. माडांचं भाट, पलीकडे जुवारी नदी.]

गोव्याच्या मुरगाव तालुक्यातलं हे सांकवाळ. आज इथं कारखाने आहेत, परराज्यांतून शिकायला आलेली मुलं आहेत. १८७६ साली याच गावात, माडांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या एका घरात, पुढं बौद्ध धर्माचे पंडित झालेले धर्मानंद कोसंबी जन्मले. राज्य पोर्तुगिजांचं. मराठी शाळेत जेमतेम शिकणं झालं, पुढं भाट सांभाळणं आलं. नारळांच्या व्यापातून सवड काढून ते हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचत. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात एकदा बुद्धाचं चरित्र वाचलं, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना.

बुद्धाचा धर्म मुळापासून शिकायचा, एवढंच ठरलं. पण कुठं? कुणाकडं? हे सांगू शकेल असं आसपास कुणी नव्हतं.

[दृश्य: नकाशा. गोव्यातून निघालेली रेघ.]

१८९९ सरता सरता त्यांनी घर सोडलं. मागं पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. चरित्रं सांगताना हा भाग आपण घाईनं उरकतो. धर्मानंद पुन्हा घरी आले ते सुमारे सात वर्षांनी. त्यांच्या विद्येची निम्मी किंमत बाळाबाईंनी मोजली आहे, तीही त्यांना कुणी न विचारता.

पुण्यात संस्कृतचे पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. आधी संस्कृत पक्कं करायचं म्हणून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे धडे घ्यायचे. बौद्ध धर्म अजून नांदतो अशी ख्याती ऐकून १९०२ साली ते नेपाळात पोचले. तिथं जे दिसलं त्यानं त्यांची घोर निराशा झाली. पुस्तकात भेटलेला बुद्ध तिथं कुठंच नव्हता.

इथवर आलेला माणूस परत फिरला असता तर कुणी नावं ठेवली नसती. धर्मानंद बुद्धगयेला गेले. बुद्धाचे उपदेश ज्या भाषेत जपले गेले ती पाली शिकायची तर सिंहलद्वीप गाठा, असं तिथं कळलं. मग कलकत्ता, आणि तिथून श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली सुरू झाली. तिथलं जेवण मानवेना, पण गुरू मिळाले होते. पुढं ब्रह्मदेश. तिथली लिपी वेगळी, म्हणून तीही शिकले.

जिद्द म्हटलं की एकच वाट घट्ट धरून बसलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. धर्मानंदांनी वाट एकही धरून ठेवली नाही. जिथं उत्तर मिळेना तिथून ते उठले. प्रश्न मात्र सांकवाळचाच राहिला.

[दृश्य: पालीची जुनी हस्तलिखितं.]

परतल्यावर कलकत्त्यात पाली शिकवण्याची बरी नोकरी मिळाली. तीही सोडली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले होते. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. पगार कमी, पण मराठीत लिहिता येणार होतं. अशा हिशेबाला आपल्याकडे व्यवहारशून्यता म्हणतात. म्हणोत.

१९१० साली हार्वर्डचं बोलावणं आलं. बुद्धघोष या प्राचीन आचार्याचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ संपादित करायचा होता. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाच्या मृत्यूमुळे ते काम अर्धवट राहिलं होतं. श्रेय कुणाचं यावरून वाद झाला आणि धर्मानंद १९१२ साली निघून आले. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पुढं त्याच कामासाठी ते पुन्हा हार्वर्डला गेले, एकदा नव्हे, अनेकदा. मधल्या काळात रशियातलं लेनिनग्राडही झालं. १९३० साली पन्नाशी ओलांडलेला हा पंडित गोव्याच्या सीमेपलीकडे शिरोड्याला मिठाच्या सत्याग्रहात उतरला आणि तुरुंगात गेला.

[दृश्य: देवनागरी छपाईतलं पालीचं पान.]

१९४० साली मुंबईत त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत छापून आणला. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. धर्मानंद त्याआधी तीन वर्षं, जून १९४७ मध्ये सेवाग्रामला वारले होते. त्या आवृत्तीवर संपादक म्हणून वॉरन यांचं नाव आहे, आणि सुधारून सिद्ध करणारे म्हणून धर्मानंद कोसंबींचं.