माटोळीची रिकामी चौकट

(गोव्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

मी मुलांना चित्रकला शिकवतो. पहिल्या दिवशी ‘गोवा काढा’ म्हटले की कागदावर माड, समुद्र आणि पांढरी इगर्ज, म्हणजे चर्च, येते. सत्तरी-सांग्यातल्या, समुद्र वर्षातून एकदा पाहणाऱ्या मुलांच्या कागदावरही तेच. एका मुलीला मी विचारले, “बाय, घरात मान वर केलीस तर काय दिसतं?” पुढच्या आठवड्यात तिने माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात ती चौकट, काढून आणली, पण चवथ संपल्यानंतरची. वाशांना टांगलेली नुसती लाकडी चौकट, केवणीच्या दोराचे वाळके तुकडे आणि कवंडळाचे एक सुकलेले फळ. चौकटीचा एक कोपरा तिने गडद केला होता. तिथे तिचे आजोबा रानातून आणलेली नागलकुड्याची फळे बांधत. त्या वर्षी ते नव्हते, म्हणून सामान बाजारातून आले होते.

वारसा, अस्मिता हे शब्द आपण व्यासपीठावरून फार मोठ्याने उच्चारतो. चित्राला तो गडद कोपरा लागतो, असे मला मनापासून वाटते. आणि असा कोपरा दाखवण्याची किंमत आपल्याच भूमीत एका चित्रकाराने मोजली आहे.

आंजेलु द फोन्सेका. जन्म 1902, सांत इस्तेव्ह म्हणजे आपले जुवें. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परत आले आणि त्यांनी मारिया, म्हणजे येशूची आई, काढली ती साडी नेसलेली, सावळी, आपल्या अंगणात दिसेल अशी. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात हे अनेकांना रुचले नाही. देवाची आई गोऱ्या चेहऱ्याची, युरोपी झग्यातलीच बघायची सवय डोळ्यांना लागली होती. फोन्सेका पुण्याला गेले, तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि आयुष्यभर चित्रे काढत राहिले. 1967 साली ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. फोन्सेका श्रद्धेने कॅथलिक होते. आपल्या श्रद्धेला आपल्या घराचा चेहरा असावा, एवढेच त्यांचे मागणे होते. ते मागणे पुरे व्हायला त्यांना गाव सोडावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

आता आपल्या काळात येऊ. साळावली धरणाच्या पाण्यात कुर्डी गाव गेले, हे इथल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. माणसे वाडे आणि वाल्किणी या गावांत वसवली गेली. महादेवाचे प्राचीन देऊळ दगडादगडाने सुटे करून धरणाजवळ पुन्हा उभारले. दर मे महिन्यात पाणी ओसरते, जोती उघडी पडतात आणि लोक सोमेश्वराच्या उत्सवासाठी परततात. कोणी आपल्या तुळशीवृंदावनाची जागा शोधतो, कोणी नातवाला दाखवतो, “हांगा आमची चूल आशिल्ली.” साहिल नाईक या तरुण शिल्पकाराने हे बुडालेले गाव आपल्या कामाचा विषय केले. बुडालेल्या जमिनीचे शिल्प आणि त्यासोबत कुर्डीकरांची गाणी. मला त्यातली गाण्यांची निवड फार महत्त्वाची वाटते. घराचे चिरे पाण्यात राहिले, पण ओवी बिऱ्हाडाबरोबर निघून आली. धरणाच्या कागदपत्रांत ती कुठे नोंदली गेली असती?

सुबोध केरकरांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. डॉक्टरकी सोडून ते समुद्रकिनाऱ्यावर मांडणशिल्पे करू लागले. 2015 पासून पिळर्णला त्यांचे ‘म्युझियम ऑफ गोवा’ आहे. आपल्या हुमणातली, म्हणजे माशांच्या कालवणातली, मिरची पोर्तुगीज गलबतांतून आली. अशा गोष्टी त्यांच्या कामात भेटतात. आपण परके काय आणि आपले काय म्हणतो, हे त्यांच्यासमोर उभे राहिले की पुन्हा तपासावेसे वाटते.

त्या मुलीचे चित्र मी आज आणले आहे, तिच्या परवानगीने. ते फोन्सेकांच्या चित्रांशेजारी दाखवायचा माझा हट्ट आहे. दिवे मालवा, आणि आधी मारियेच्या पदराकडे पाहा. तो तिने बाळाभोवती कसा घेतला आहे ते.