दौडीनंतरचे रक्त

शर्यत नुकतीच संपली आहे. घोड्याच्या नाकपुड्या फुलल्या आहेत, शिरा कातडीखाली दोरीसारख्या वर आल्या आहेत आणि मानेवर लगाम घासला तिथे पांढरा फेस साचला आहे. या क्षणी त्याच्या मानेच्या शिरेतून काढलेले रक्त विश्रांतीच्या वेळी काढलेल्या रक्तापेक्षा बरेच दाट असते.

हा दाटपणा मुख्यतः प्लीहेमुळे येतो. निवांत उभा असलेला घोडा तांबड्या पेशींचा मोठा साठा प्लीहेत राखून ठेवतो. दौड सुरू होताच ॲड्रेनलिनच्या प्रभावाने प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात उतरतो. पेशींचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर जाते, आणि एरवी मिनिटाला ३० ते ४० वेळा पडणारे हृदयाचे ठोके २०० च्या पुढे जातात.

तरीही पूर्ण वेगात या पेशींनी वाहून आणलेला ऑक्सिजन पुरत नाही. स्नायू ग्लायकोजेनचे, म्हणजे त्यांच्यात साठवलेल्या साखरेचे, ऑक्सिजनविना विघटन करू लागतात, त्यातून तयार होणारे लॅक्टेट रक्तात लिटरमागे १ मिलिमोलवरून २० च्या वर चढते आणि रक्त आम्लतेकडे झुकते. थकव्याचे सारे खापर लॅक्टेटवर फोडणे मात्र अन्यायाचे आहे, कारण हृदय त्याचेच इंधन करते आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. शर्यतीनंतर घोड्याला लगेच उभे न करता चालवत ठेवल्यास लॅक्टेट लवकर ओसरते. स्नायूंतून रक्तात आलेले पोटॅशियम तर काही मिनिटांतच उतरते. म्हणून नमुना नेमका केव्हा घेतला याची नोंद नसेल, तर अहवालातील आकडे दिशाभूल करतात.

लांब पल्ल्याच्या दौडीत चित्र उलटे होते. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा कितीतरी खारट असतो आणि त्यातील लॅथेरिन या प्रथिनामुळे त्याला फेस येतो. या घामातून क्लोराइड भरपूर गेल्याने रक्त अल्कधर्मी होते, कॅल्शियम घटते आणि कधीकधी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर घोड्याची कूस उडताना दिसते. सर्वांत फसवी गोष्ट तहानेची आहे. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्याने रक्तातील क्षारांची तीव्रता फारशी वाढत नाही, मेंदूला तहानेचा इशारा मिळत नाही आणि अंगातले कित्येक लिटर पाणी गमावलेला घोडा भरलेल्या बादलीपासून तोंड फिरवतो. अशा वेळी आधी किंचित खारे पाणी दिले, तर तो पुढे साधे पाणीही अधिक पितो.