क्विटो : वर्खाखालचे हात

(दृश्य : पहाटेचे शहर, कौलारू छपरे, मागे पिचिंचाचा उतार)

इक्वेडोरच्या राजधानीत वर्षाच्या कोणत्याही दिवशी सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो, कारण विषुववृत्त या शहराच्या मध्यापासून उत्तरेला अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवरून जाते. नकाशावर ज्याला आपण क्विटो म्हणतो, त्याला इथले लोक ‘कितो’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही बाराशे मीटर वर, पिचिंचा ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरच्या एका अरुंद पट्टीत हे शहर उत्तर-दक्षिण पसरत गेले आहे. पहिल्या दिवशी पन्नास पायऱ्या चढल्या की छाती भरून येते आणि थांबावे लागते. जुन्या शहरात असे थांबणे वाया जात नाही, कारण जिथे थांबावे तिथे समोर कोरलेला दगड, रंगवलेला सज्जा किंवा लाकडी जाळी असते.

१५३४ साली स्पॅनिश सैन्य इथे पोहोचले, तेव्हा इंका सेनानी रुमिन्यावीने शहर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ते जाळून टाकले होते. त्या राखेवर स्पॅनिश सेनानी सेबास्तियान दे बेनालकासारने ६ डिसेंबर १५३४ रोजी नव्या नगराची स्थापना केली. आज आपल्याला दिसते ते त्यानंतरचे शहर. ते कोणी जिंकले हे प्रत्येक चौकातल्या पाटीवर लिहिलेले आहे; ते कोणी घडवले, हे पाहण्यासाठी मी इथे आलो.

(दृश्य : सान फ्रान्सिस्को चौक, गोलाकार पायऱ्या, कबुतरे)

हा सान फ्रान्सिस्कोचा चौक आणि हा त्याच नावाचा मठ. फ्रान्सिस्कन साधूंनी सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्याचे काम सुरू केले आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे ते चालूच राहिले. मठाच्या दारासमोरच्या पायऱ्या पाहा : खालच्या अर्ध्या पायऱ्या बाहेरच्या बाजूला फुगत येतात, वरच्या अर्ध्या आत वळत जातात, आणि चढणारा माणूस नकळत मधल्या वर्तुळावर क्षणभर उभा राहतो. या मठाच्या ओट्याबद्दल क्विटोतल्या प्रत्येक मुलाला एक गोष्ट माहीत असते. कांतुन्या नावाच्या स्थानिक कारागिराने ओटा बांधण्याचे काम अंगावर घेतले, पण मुदत संपत आली तरी काम पुरे होईना. तेव्हा त्याने सैतानाशी करार केला : पहाटेपर्यंत एकूण एक दगड बसवलास तर माझा आत्मा तुझा. सैतानाची पिलावळ रात्रभर राबली, पण पहाट झाली तेव्हा एक दगड बसायचा राहिला होता, आणि कांतुन्या सुटला. ही गोष्ट लोक प्रेमाने सांगतात आणि मीही ती आवडीने ऐकली; तरीही असे वाटत राहिले की कथेतसुद्धा श्रेय सैतानाला गेले, आणि ज्यांनी दिवसाढवळ्या हे दगड वाहून आणले, घडवले, सांधले, ते पाथरवट कथेबाहेरच राहिले.

याच मठाच्या आश्रयाने सोळाव्या शतकाच्या मध्यात सान आंद्रेस नावाची शाळा चालली. तिथे स्थानिक मुलांना वाचन आणि संगीताबरोबर चित्रकला व मूर्तिकामही शिकवले जाई. त्या शिक्षणातून जी परंपरा उभी राहिली तिला कलेच्या इतिहासात ‘क्विटोची शैली’ म्हणतात. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इथल्या मूर्ती आणि चित्रे दक्षिण अमेरिकेत दूरदूरपर्यंत जात होती. कारागीर बहुतेक इथले मूळनिवासी किंवा मेस्तिसो, म्हणजे मिश्र वंशाचे होते. मिगेल दे सांतियागो, बेर्नार्दो दे लेगार्दा, मानुएल चिली अशी काही नावे टिकली. चिली याला लोक ‘कास्पिकारा’ म्हणत. केचुआ भाषेतल्या या टोपणनावाचा अर्थ झाडाच्या सालीसारख्या कातडीचा माणूस, असा सांगतात. बाकीच्या असंख्य कामांखाली संग्रहालयातल्या पाटीवर एकच शब्द असतो : अनामिक.

(दृश्य : ला कोंपान्यिया चर्चचा दर्शनी भाग, पिळाचे खांब, जवळून)

चौकापासून काही पावलांवर जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे ला कोंपान्यिया हे चर्च आहे. त्याचे काम १६०५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गोव्यात, त्याच संघाच्या जांभ्या दगडातल्या बॉम जेझू चर्चचा अभिषेक झाला होता. गोव्याचे चर्च ज्याने पाहिले आहे त्याला इथले सोने पाहताना ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटते, पण प्रमाण मात्र पूर्ण वेगळे. हा करडा दगड ज्वालामुखीचा आहे. दर्शनी भागाचे काम १७२२ मध्ये सुरू झाले, तीन वर्षांत थांबले, ते १७६० मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि १७६५ मध्ये संपले. पिळाच्या या सहा खांबांवरून कॅमेरा सावकाश वर नेला आहे, कारण दगडाला असा पीळ देताना एक चुकीचा घाव पडला तर अख्खा खांब टाकून द्यावा लागतो. आत भिंती, कमानी आणि छत सोन्याच्या वर्खाने मढवलेले आहे, आणि मुख्य वेदीवरचा वर्ख लेगार्दाच्या हातचा आहे. काम पुरे झाल्यानंतर दोनच वर्षांनी स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साम्राज्यातून हद्दपार केले. १९९६ मध्ये जीर्णोद्धार चालू असतानाच इथे आग लागली, आणि जळालेला भाग पुन्हा उभा करण्यात पुढची कित्येक वर्षे गेली.

(दृश्य : जुन्या गल्लीतले मूर्तीदुरुस्तीचे दुकान, कारागिराचे हात)

वर्ख म्हणजे काय हे कळण्यासाठी मात्र चर्चमध्ये नव्हे, अशा दुकानात बसायला हवे. इथे घराघरांतून दुरुस्तीला आलेल्या मूर्ती ठेवलेल्या आहेत, आणि नाताळ जवळ आला की बाळ येशूच्या मूर्तींची रीघ लागते : कोणाचे बोट तुटलेले, कोणाचा रंग उडालेला. कारागीर फारसे बोलत नाहीत, त्यामुळे आपण त्यांचे काम पाहू.

लाकूड इथल्या सीडरचे, म्हणजे आपल्याकडच्या तूण वृक्षाच्या गोतातले. ते पुरते वाळल्याशिवाय पटाशी लावत नाहीत, कारण ओले लाकूड पुढे तडकते आणि वरचा रंग घेऊन फुटते. मूर्ती कोरून झाली की जनावराच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात जिप्समची पूड कालवून तिचे थरावर थर देतात आणि प्रत्येक थर वाळल्यावर घासून गुळगुळीत करतात. त्यावर तांबड्या मातीचा, आपल्या कावेसारखा, बारीक लेप येतो. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की श्वासाने उडतो, म्हणून तो ठेवताना कारागीर श्वास रोखून धरतात. खालच्या तांबड्या मातीमुळे सोन्याला ऊब येते. मग गुळगुळीत अकीकाच्या दगडाने वर्ख घोटतात आणि तेव्हा कुठे त्याला चमक चढते. मूर्तीच्या वस्त्रांवर पुढे एक वेगळीच गोष्ट घडते : सगळ्या सोन्यावर रंग चढवतात आणि तो रंग टोकदार काडीने नक्षीत खरवडतात, तेव्हा खालचे सोने फुलांच्या आणि वेलींच्या आकारात वर येते. एवढे सोने लावायचे आणि मग ते झाकायचे, हे प्रथम पाहणाऱ्याला उधळपट्टी वाटेल. पण कापडावरच्या जरीचा भास याच रीतीने होतो.

चेहऱ्याचे काम सर्वांत शेवटी येते. पूर्वी चेहऱ्याचा पुढचा भाग मुखवट्यासारखा कापून वेगळा करीत, आतून काचेचे डोळे बसवीत आणि मग तो पुन्हा जोडत. त्वचेच्या रंगाचे तेलरंगी थर देऊन जनावराच्या ओलसर मूत्राशयाने ते घोटत राहिले की कातडीची जिवंत तकाकी येते. या दुकानातही ते असेच घोटतात, आणि या हालचालीवर आपण कॅमेरा थोडा अधिक वेळ ठेवला आहे.

(दृश्य : पानेसियो टेकडी, पंखांची मूर्ती, खाली शहर)

१७३४ साली लेगार्दाने सान फ्रान्सिस्कोसाठी पंख असलेल्या मेरीची मूर्ती कोरली. पायाखाली सर्प आणि अंगात नृत्याचा तोल असलेली ती मूर्ती आजही तिथल्या मुख्य वेदीवर आहे. तिच्याच धर्तीवर १९७० च्या दशकात पानेसियो टेकडीवर, म्हणजे ‘छोट्या पावा’च्या आकाराच्या या टेकडीवर, ॲल्युमिनियमच्या हजारो तुकड्यांची चाळीस मीटरहून उंच मूर्ती उभी राहिली. शहराच्या बहुतेक गल्ल्यांमधून ती दिसते. उत्तरेकडच्या बासिलिका या भव्य चर्चच्या भिंतींवर युरोपी चर्चमधल्या राक्षसांऐवजी इग्वाना, कासव आणि खवलेकरी आर्माडिलो यांचे दगडी आकार बसवलेले आहेत. दगडाच्या कारागिरांनी आपल्या भूमीतले प्राणी तिथे नेऊन ठेवले, याचा मला मनापासून आनंद झाला.

१९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तेव्हा त्यात क्विटो होते. मार्च १९८७ च्या भूकंपाने जुन्या इमारतींना तडे गेले, त्याच वर्षी जीर्णोद्धारासाठी महापालिकेने वेगळा निधी उभारला, आणि आज जे नीटनेटके चौक दिसतात ते त्या कामाचे फळ आहे. २००३ मध्ये या रस्त्यांवरच्या हजारो फेरीवाल्यांना बांधीव बाजारपेठांमध्ये हलवण्यात आले, आणि गेल्या काही दशकांत जुन्या शहरातली अनेक कुटुंबेही इथून निघून गेली.

(दृश्य : संध्याकाळ, ला रोंदाची गल्ली, मग सान फ्रान्सिस्को मेट्रो स्थानक)

डिसेंबर २०२३ पासून याच चौकाखालून मेट्रो धावते : २२ किलोमीटर, १५ स्थानके, आणि जुन्या शहरात फक्त हे एकच. ला रोंदामध्ये दालचिनी आणि नारांखिया फळ घालून उकळलेल्या कानेलासो या गरम पेयाची वाफ दारांतून बाहेर येते. दुकान बंद होण्याच्या वेळेला एक आजी आपला बाळ येशू न्यायला येतात. त्यांचे बालपण याच गल्लीत गेले. आता त्या दक्षिणेकडच्या वस्तीत राहतात. त्या मूर्तीचा उजवा हात उचलून पाहतात आणि नवे बोट जुन्या बोटांशी जुळते का हे अंगठ्याने चाचपतात. मग मूर्ती शालीत गुंडाळून त्या स्थानकाच्या पायऱ्या उतरू लागतात.